अंतिम उपभोग

एकाहत्तर साली, नळबाजारात,
देश सोडायच्या आदल्या आठवड्यात,
पितळी डब्याचा भाव पाडता पाडता
एलिशेबा पेणकर म्हणाली,
"हेमे, दरवर्षी खर्च कळवायचा. मी तिकडचा, तू इकडचा.
बघू कोण जास्त सुखात."
मी सांख्यिकी कार्यालयात नवीन, त्यामुळे अतिशहाणी.
सुख नाही मोजत, म्हटलं. खर्च मोजतात.

पहिला कागद डिमोनाहून आला.
अंडी, दूध, बसभाडं, एक दाढ उपटली तिचे.
रकमा लिऱ्यांत, आकडे मात्र देवनागरी,
सात तर थेट आमच्या रोहेकर बाईंच्या वळणाचा.
मी माझगावहून धाडला:
रॉकेल, तांदूळ, सुके बोंबील, धाकट्याच्या वह्या.

कार्यालयात दोन देश शेजारी मांडायचे तर
आधी दोघांना एका वर्षी शंभरावर उभं करतात.
त्या दिवशी दोघांची उंची सारखी.
मग एक चालू लागतो,
दुसरा चपलेचा अंगठा शिवून घेत बसतो,
आलेखावर त्याला म्हणतात मंद वाढ.

तिच्याकडे महागाई अशी
की कागद पोचेपर्यंत खोटा ठरायचा.
लिऱ्याचा शेकेल झाला, मग शेकेलचीही तीन शून्यं उडाली.
"सरकारनं रातोरात माझ्या पगाराला हजारानं भागलं," तिनं लिहिलं,
"पाव मात्र तेवढाच लागतो. एक."

माझ्या यादीत तांदूळ सगळ्यात वर,
तो पायरी पायरीनं खाली उतरला.
रॉकेल गेलं. केबल आली. केबल गेली.
गुडघ्याची औषधं आली
आणि घरमालकिणीसारखी पहिल्या ओळीत बसली.

काही गोष्टी दोन्ही कागदांवर नव्हत्या.
नव्या वर्षाला ती गव्हाचा चीक काढून
हात भरून येईपर्यंत हलवा घोटायची;
कागदावर गहू, साखर, नारळ.
मी अकरा वर्षं सासूबाईंना कुशीवर वळवलं;
कागदावर पावडर, एक डबा.
वर्तकसाहेबांना मी एकदा विचारलं होतं.
चष्मा पुसत म्हणाले,
"बाजारातून गेलं नाही, ते आपल्या लेखी गेलंच नाही."
वाईट माणूस नव्हता. बायकोनं दिलेला डबा खात होता.

तुलनेला म्हणे
एक तरी वस्तू दोन्हीकडे तीच लागते.
बोंबील तिकडे नाहीत, ऑलिव्ह इकडे कोण खातो,
पावाचंसुद्धा वजन वेगळं.
सगळ्या कागदांत मिळून एकच ओळ जुळली, तळाची:
पोस्टाचं तिकीट.

"अंतिम" शब्दाशी ती दर वेळी अडायची.
"अंतिम म्हणजे मेल्यावरचा का गं?"
नाही एलू. खानावळवाल्यानं घेतलेला तांदूळ मधला.
तू शिजवून खाल्लास तो अंतिम.
जे पुढे कुणाला विकता येत नाही, ते.

यंदाचा कागद अश्दोदहून, मुलीच्या हातचा, इंग्रजीत.
रुग्णालय. टॅक्सी. दगड. दगडावरची अक्षरं.
खाली एक वाक्य: आईनं यादी पुरी करून धाडायला सांगितलं होतं.
तिकिटाची रक्कम घालायला विसरली पोर,
मी पाकिटावर बघून भरली.

आज माझा कागद लिहून झाला. तळाची ओळ कोरी होती.
माझगावच्या पोस्टात खिडकीतल्या मुलाला विचारलं,
इस्रायलला साधं पत्र, किती?
"वजन?"
एकच कागद.
त्यानं आकडा सांगितला, हात पुढे केला.
मी आकडा लिहून घेतला,
त्यात एक सात होता, तो बाईंच्या वळणाचा काढला,
आणि कागद घडी करून
घरी आले.